उत्रोलीच्या बाईंचं एकमत

माझ्या आत्याचं आयुष्यात कधी कुणाशी एकमत झालं होतं, हे आमच्या घरात शपथेवर सांगितलं तरी कुणी खरं मानणार नाही. आणि तरीही ‘मला पटलं’ हे इंग्रजीत सांगायच्या जेवढ्या तऱ्हा आहेत, तेवढ्या साऱ्या भोरच्या पोरांना तिनेच शिकवल्या. ती राहायची उत्रोलीला, शिकवायची भोरच्या शाळेत, आणि दोन्हीकडे तिला ‘बाई’च म्हणत. होकाराच्या वाक्प्रचारांचा धडा आला की तिच्या अंगात वारं शिरायचं. मात्र पुस्तकात छापलंय म्हणून मान्य करणं तिच्या रक्तात नव्हतं. ‘इन द सेम बोट’, म्हणजे एका नावेतली माणसं एकमेकांचं दुःख जाणतात, असं इंग्रज साहेब म्हणतो. आत्या एकदा धरणातून लाँचने चालली असताना लाँच मधेच बंद पडली आणि आतली माणसं धक्क्याला लागेपर्यंत एकमेकांच्या गावांची उणीदुणी काढत बसली. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात जाहीर केलं, “सेम बोट परीक्षेपुरतं खरं धरा. ज्याने हे काढलं तो आपल्या धरणावर आलेला नाही.”

‘आय टू आय’चं तर त्याहून पुढे गेलं. इंग्रजीत त्याचा अर्थ मतं जुळणं. एका मुलीने पेपरात लिहिलं, ‘डोळ्याला डोळा भिडवणे’, आणि आत्याने पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापकांनी जाब विचारला तेव्हा म्हणाली, “आधी डोळ्याला डोळा भिडवल्याशिवाय मत जुळतं का, सर? भिऊन मान हलवली, तर त्याला मी एकमत म्हणत नाही.” सर लगेच हो म्हणाले. भिऊनच म्हणाले असावेत. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, आडदांड शेतकरी, पण बोलण्यात भारी कंजूष. जेवताना एखादंच वाक्य यायचं, “औंदा पाऊस लांबला.” ते आत्याला पटलं तर चुलीजवळून आवाज यायचा, “यू कॅन से दॅट अगेन.” मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण एवढा हुकूम कळायचा. ते शांतपणे पुन्हा म्हणायचे, “औंदा पाऊस लांबला.”

त्यांची एकुलती एक लेक सुषमा पुण्याला नर्स झाली. तिने बरोबर काम करणाऱ्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा गुणी, भोरचाच, पण बौद्ध घरातला. एवढं कळल्याबरोबर भावकी आत्याच्या ओटीवर येऊन बसली. मी तेव्हा तिथेच होतो. मामांचे थोरले चुलत भाऊ अण्णा घसा खाकरून म्हणाले, “बाई, आमचं समद्यांचं एकमत झालंय. हे लगीन व्हनार न्हाई.”

“माझं मत कुणी घेतलं?” आत्याने विचारलं.

वातावरण निवावं म्हणून कंपनीत नोकरीला असलेला पुतण्या मधे पडला. “काकू, आपण सगळे सेम पेजवर आहोत.”

“सगळे? त्या पानावर सुषमाचं नाव कुठंय, दाखव.”

अण्णांनी मग मामांकडे मोहरा वळवला. “दत्तू, तू तरी आमच्यातला हाईस न्हवं? बोल की.”

मामा खांबाला टेकून बसले होते. ते उठले. “पोरगी म्हंती तितंच लगीन व्हईल,” ते म्हणाले.

आत्या क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, “यू कॅन से दॅट अगेन.”

मामांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या खेपेला अण्णांच्या डोळ्यांत बघून. भावकी चहा न घेता उठली.

लग्न भोरला झालं. पत्रावळ्या कमी पडल्या नव्हत्या. उलट भावकी न आल्यामुळे उरल्या होत्या. तरी आत्या आपली पत्रावळ बाजूला सारून विहीणबाईंच्या शेजारी बसली आणि त्यांच्याच पानातला भात कालवायला लागली. विहीणबाई गडबडल्या. “अहो, तुम्हाला वेगळं वाढतात की.” “नको,” आत्या म्हणाली, “हेच बरंय.” दाराशी लपूनछपून आलेला पुतण्या उभा होता. त्याला तिने तिथूनच ऐकवलं, “ये, बस. सेम पेज हे असतं.” तो आला आणि बसला.

पुढे मामा गेले. भावकी एकेक करून परत येऊ लागली. अण्णा तेवढे आले नाहीत. आत्या दरवर्षी त्यांच्याकडे नवा इंद्रायणी तांदूळ पाठवते. ते तो ठेवून घेतात, निरोप मात्र धाडत नाहीत.

परवा उत्रोलीला गेलो होतो. सुषमाही आली होती, अंगणात कपडे वाळत घालत होती. अण्णा काठी टेकत रस्त्याने चालले होते, ते कुंपणापाशी थांबले.

“कवा आलीस?”

“काल, अण्णा.”

“बरी हाईस न्हवं?”

“व्हय.”

अण्णा जरा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. आत्या घरात खिडकीशी सूप घेऊन बसली होती. तिचा हात थांबला होता.

“हाक मारायचीस की,” मी म्हणालो.

“मारली असती, तर ओ द्यायची की नाही, हे त्यांना ठरवावं लागलं असतं,” ती म्हणाली. “म्हाताऱ्या माणसाला एका दिवसात किती म्हणून वाकवायचं?”

आणि ती बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली. अण्णा वळणाआड केव्हाच गेले होते.