मुका लॅपटॉप आणि आयाची जबानी

चौकशी कार्यालयात तिला सगळे कानसेनबाई म्हणत. साक्षीदारांच्या जबान्या ध्वनिमुद्रणावरून ऐकायच्या आणि शब्दन् शब्द टाइप करायच्या, हे तिचं एकवीस वर्षांचं काम. बाईंचं तोंड काही गोड नव्हतं, पण कान देताना देवाने हात चांगला सैल सोडला होता.

त्या सोमवारी तिचा जुना संगणक उचलून नेला आणि त्या जागी जबान्या घेणाऱ्या साहेबांचा वापरलेला लॅपटॉप आणून आदळला. साहेबांना नवा मिळाला होता. जुन्यावर आता विंडोज काढून लिनक्स ही फुकटातली प्रणाली घातली होती. बाईंनी झाकण उघडलं आणि मान मागे घेतली. कळांच्या फटींत बिस्किटांचा चुरा, आखूड केस आणि कापलेल्या नखाची एक कोर. ओल्या फडक्याने तिने सगळं तीनदा पुसलं, मग फडकंही टाकून दिलं.

वृद्धाश्रमातल्या एका आयाची जबानी लावली. पडद्यावर रेघ सरकत होती, आवाजाचा पत्ता नाही. इअरफोन लावायला गेली तर पिन अर्ध्यावर अडली.

संगणकवाला आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "लिनक्सवर असंच असतं बाई. आला आवाज तर आला."

"अहो, मी ऐकून टाइप करते. आता काय स्वप्न बघून करू?"

"तक्रार नोंदवा," म्हणत तो सटकला.

साहेब तर त्याच्याही वरचढ. "एवढं काय डोक्याला लावून घेता? माझ्या टिपणावरून टाइप करा. साक्षीदाराची काही तक्रार नाही. अर्ध्या पानाचं काम!"

मुद्रण सत्तेचाळीस मिनिटांचं होतं. तक्रार नसलेली बाई पाऊण तास काय बोलत बसली असेल?

तिने इंटरनेटवर शोधलं. तिथे 'आवाज येत नाही' म्हणून रडणारा एक, आणि त्याला अक्कल शिकवणारे वीस. शेवटी रडणाऱ्यानेच लिहिलं होतं, 'जमलं!' कसं जमलं, ते न सांगता पसार. "मेला आपमतलबी!" बाई पुटपुटली आणि संगणकाचं काम करणाऱ्या भाचीला फोन लावला.

"मावशी, सेटिंगमध्ये बघ, आवाज कुठे पाठवतोय?"

"टीव्हीकडे म्हणतोय. इथे कसला आलाय टीव्ही!"

तो बदलून आतला स्पीकर निवडला. तरी शांतता. मग भाचीने आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडायला लावून एक आज्ञा टाइप करायला सांगितली. आवाजाची पातळी दाखवणारे उभे पट्टे आले. एका पट्ट्याखाली दोन 'एम' होते.

"म्हणजे त्याचं तोंड बांधलंय. एमची कळ दाब."

दाबली. एम गेले, आवाज काही आला नाही.

"परत सेटिंगमध्ये जा. आता काय दिसतंय?"

"हेडफोन जोडलेला आहे म्हणतोय."

"मग काढ ना तो."

"अगं, तो माझ्या हातात आहे!"

"मावशी, त्या भोकात काहीतरी अडकलंय बघ."

बाईंनी लॅपटॉप बंद केला, विजेरी धरली आणि चिमटा घातला. बाहेर आलं दात कोरायच्या काडीचं मोडकं टोक. त्याला पिवळट, चिकट मळ लागलेला. साहेबांची सवय तिला पाठ होती: काडी आधी दातांत, मग कानात, आणि बोलताबोलता समोर दिसेल त्या भोकात. कागदात गुंडाळून तिने ते फेकलं आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले.

परत येऊन लॅपटॉप चालू केला, इअरफोन लावला, कळ दाबली, आणि आया बोलू लागली.

"चादरी पंधरा-पंधरा दिवस बदलत नाहीत हो. तपासणीला कोणी आलं की अत्तर फवारतात. खिडकीजवळच्या आजी ओल्यातच गेल्या. सकाळपर्यंत कोणी हात लावला नाही."

त्यावर साहेबांचा आवाज, दात चोखत: "हे राहू दे. तक्रार नाही असं लिहितो, तुमची नोकरी टिकेल."

बाईंनी मुद्रण पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि ती टाइप करायला बसली. एकोणीस पानं झाली.

साहेबांनी ती चाळली. "हे काय? मी टिपण दिलं होतं ना?"

"आवाज आला, साहेब. तिचाही आणि तुमचाही."

साहेबांचा चेहरा पडला. नियमाप्रमाणे प्रत्येक जबानीची एक प्रत चौकशी समितीकडे जायची असते. ती बाईंनी स्वतःच्या हाताने टपालात टाकली होती.

समिती न कळवता वृद्धाश्रमात गेली आणि व्यवस्थापकाची गच्छंती झाली. साहेबांची मात्र बदली झाली ती मोठ्या कार्यालयात, पुष्पगुच्छ देऊन. निरोपाला बाई गेली नाही. शेजारची कारकून म्हणाली, "उगाच वैर कशाला? नुसता हात मिळवून यायचं."

"तोच हात मला हातात घ्यायचा नाहीये."

पुढच्या आठवड्यात आया जबानीवर सही करायला आली. नोकरी तिची केव्हाच गेली होती. ओळीवर बोट ठेवून तिने हळूहळू सगळं वाचलं.

"आजींचं तेवढं मोठ्याने वाचता? बरोबर लिहिलंय ना, बघते."

बाईंनी वाचलं. एक शब्दही गाळला नाही.

"असंच झालं होतं," आया म्हणाली. सही केली, पिशवी उचलली आणि दुसरीकडे काम विचारायला गेली.