दातांनी ऐकलेली चॅसिस

२९ जुलै २०२२ रोजी कोंडीराम तिर्लोटकर यांनी एका पिकअप गाडीच्या चॅसिसवर हातोडी मारली, तेव्हा निघालेला आवाज त्यांना ऐकू आला होता का? गाडीच्या मालकाशी, कोंडीरामांच्या पत्नीशी आणि खुद्द कोंडीरामांशी बोलूनही या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही.

कोंडीराम अठराव्या वर्षी गिरणीच्या मागखात्यात लागले आणि एकविसाव्या वर्षी संपात बाहेर पडले. त्यानंतरची चाळीस वर्षे त्यांनी गाड्यांच्या खाली काढली. लालबागला एका बंद गिरणीच्या भिंतीलगत त्यांची पत्र्याची शेड होती. गाडी वर घ्यायला खड्डा नव्हता. गिरणीच्या पायातले दोन दगड होते, त्यांवर चाके चढवून ते खाली सरपटत जात. काम एकच: गाडीच्या पोटाचा गंज काढणे आणि तो पुन्हा धरू नये अशी तजवीज करणे. तारेच्या ब्रशने पापुद्रे उतरवायचे, उरलेला गंज मारणारे रसायन लावायचे, मग रेड ऑक्साइडचे दोन हात, मग काळा लेप. पाणी निथळण्यासाठी चॅसिसला जी भोके असतात ती लेपाने बुजू नयेत म्हणून त्यांत खराट्याची एकेक काडी खोवून ठेवायची आणि लेप सुकला की काढून घ्यायची. या काड्यांची आठवण परळ-लालबागमधले अनेक ड्रायव्हर आजही सांगतात.

परंतु त्यांचा लौकिक लेपाचा नव्हता, कानाचा होता. चॅसिसचे दांडे आतून पोकळ असतात. मीठ आत शिरले की गंज आतून खात येतो; बाहेरचा पत्रा शेवटपर्यंत शाबूत दिसतो. कोंडीराम लहान हातोडीने दर चार बोटांवर ठोकत जात. निरोगी पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा तडकलेल्या मडक्यासारखा बद्द वाजतो. तपासणी संपली की बाहेर येऊन ते ‘चालेल’ म्हणत, किंवा ‘कापावी लागेल’. तिसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

तो कान जात होता. माग आणि ग्राइंडर यांनी मिळून तो नेला. घरी कुकरच्या शिट्ट्या त्यांची पत्नी शेवंतीबाईच मोजत. कानाचे यंत्र घ्या, असे त्यांनी किती वेळा सांगितले, पण “कानात मशीन बघितली तर गाडी कोण आणणार माझ्याकडे?” एवढेच उत्तर येई. त्याऐवजी कोंडीरामांनी एक युक्ती काढली. लाकडी मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक चॅसिसला टेकवायचे, मूठ दातांत घट्ट धरायची आणि मग ठोकायचे. आवाज कानाने येत नसे. दातांतून कवटीत जाणवत असे. मी पाहिलेल्या त्या मुठीवर दातांच्या खुणांची दोन अर्धवर्तुळे आहेत, नखभर खोल.

गिरगावातल्या खोताच्या वाडीतले गॅब्रिएल आणि स्टॅनली हे भाऊ २०१४ पासून दर जुलैमध्ये त्यांच्याकडे येत. धक्क्यावरून मासळी उचलून दादरच्या बाजारात आणि हॉटेलांत पोहोचवणे हा त्यांचा धंदा. गॅब्रिएल थोरला, तो मासळी घेई, स्टॅनली गाडी चालवी. बर्फाचे खारे पाणी दिवसभर फळ्यांतून खाली गळे. पावसाळी मासेमारीबंदी एक ऑगस्टला उठण्यापूर्वी गाडी खालून करून घ्यायची, हा त्यांचा नेम होता.

“मामा, नाश्ता नाय केलास काय? स्क्रू ड्रायव्हर खातोस?” गॅब्रिएल दरवर्षी विचारी.

“तुझ्या गाडीपेक्षा बरा लागतो,” कोंडीराम म्हणत. मग चॅसिसवरून बोट फिरवून ते जिभेला लावत. “खारट. स्टॅनली, धुतोस का नाय?”

“रोज धुतो, आईशप्पथ!”

“पाणी कुठलं?”

वाडीत पाणी सकाळी तासभर येई. त्यातले गाडीला कुठून देणार? धक्क्यावर मोठ्या पाइपाचे पाणी मात्र हवे तेवढे होते. त्याने गाडी चकाचक निघे. ते पाणी समुद्राचे होते.

जुलै २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात कोंडीरामांचे उरलेले सर्व दात काढावे लागले. कवळी हिरड्या भरल्यावर मिळणार होती. २९ तारखेला, शुक्रवारी, गाडी आली. आठ वर्षांत प्रथमच त्यांनी स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढला नाही.

“आज उपास काय, मामा?” गॅब्रिएल हसत म्हणाला.

कोंडीराम हसले नाहीत. ते नुसती हातोडी घेऊन खाली गेले. डाव्या बाजूला, मागच्या चाकांचे स्प्रिंगचे पाटे ज्या कडीने चॅसिसला टांगलेले असतात तिथे, त्यांनी बराच वेळ ठोकले. स्टॅनली वाकून ओरडला, “काय बोलते गाडी? मामा, सोमवारी एक तारीख हाय!” कापून नवा पत्रा जोडायचा तर पंधरा दिवस गेले असते, हे तिघांनाही ठाऊक होते. कोंडीराम बाहेर आले, हात पुसले आणि ‘चालेल’ म्हणाले. पुढचे दोन दिवस त्यांनी लेपाचे काम नेहमीच्याच निगुतीने केले.

२३ सप्टेंबरला सकाळी साडेसहा वाजता, परळच्या बाजूला उतरणाऱ्या एका पुलावर, ती कडी चॅसिसचा तळहाताएवढा तुकडा घेऊन निघाली. भरलेली गाडी डावीकडे कलंडली आणि कठड्यावर आदळली. डावीकडे गॅब्रिएल बसला होता. दोन दिवसांनी तो रुग्णालयात वारला.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी स्टॅनली लालबागच्या चाळीत आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो तुकडा त्याने कोंडीरामांच्या पुढ्यात ठेवला. बाहेरचा काळा लेप अखंड होता, निथळण्याचे भोक उघडे होते. आतली बाजू कांद्याच्या सालींसारखी सुटून हाताला लागत होती.

“मामा, एकच सांग. तू ठोकलंस तेव्हा आवाज कसा आला?”

कोंडीराम तुकड्याकडे पाहत राहिले. शेवंतीबाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि ओरडल्या, “तो इचारता, आवाज कसो इल्लो?” गॅलरीत शेजारी बाहेर आले.

“बद्द आला,” कोंडीराम म्हणाले.

“बद्द आला, आणि तू चालेल बोललास?”

हा प्रश्न शेवंतीबाईंना पुन्हा सांगावा लागला नाही. कोंडीराम स्टॅनलीच्या ओठांकडे पाहत होते.

“एक तारीख होती ना तुझी.”

“पाणी मी खारंच मारत होतो,” स्टॅनली म्हणाला आणि तुकडा तिथेच सोडून जिना उतरला. त्याने पोलिसांत काही सांगितले नाही. पंचनाम्यात ‘यांत्रिक बिघाड’ असे शब्द आहेत. दुसऱ्या दिवसापासून कोंडीराम शेडवर गेले नाहीत.

शेवंतीबाईंचे मत ठाम आहे: कोंडीरामांना काहीच ऐकू आले नव्हते. त्या जुलैत दारावरची थापही त्यांना कळत नव्हती, असे त्या सांगतात. “चोर म्हणान घेतल्यान, पण बहिरो म्हणान घेवक नाय.” मात्र हे मत पत्नीचे आहे, नवरा खोटारड्यापेक्षा बहिरा ठरणे तिला सोसवणारे आहे, हे विसरता येत नाही. शिवाय काहीच ऐकू येत नव्हते, तर नेमक्या त्याच जागी ते इतका वेळ का ठोकत राहिले? हातोडीच्या दांड्यातून तळहाताला काही कळले होते, की काहीच कळत नाही म्हणूनच पुन्हा पुन्हा ठोकणे चालले होते? मी हे कागदावर लिहून त्यांना विचारले. कोंडीरामांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. तोवर कवळी आली होती. ती ते घालत नसत.

कोंडीराम तिर्लोटकर यांची पहिली श्रवणतपासणी २१ फेब्रुवारी २०२४ रोजी महापालिकेच्या एका रुग्णालयात झाली. केसपेपरवर दोन्ही कानांपुढे ‘अतितीव्र बहिरेपण’ असा शेरा आहे.