खुलताबादचा मुरूम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अक्काला तर नाहीच. दाजींच्या हाताला शेवटी जो डाग लागला, तो माझ्यामुळे लागला.

पण आधी तो हात कसा होता ते सांगायला हवं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बोअरच्या गाडीवरचे मिस्त्री. लग्नाच्या मांडवात बसले तरी पायाजवळचं ढेकूळ उचलून चोळत राहायचे. अक्का भाकरीचं पीठ मळत असली की परातीतला गोळा उचलायचे, तळव्यात वळून बघायचे आणि गंभीर तोंडानं म्हणायचे, "ह्याला बटन चालायचं नाय. पातंच लागंल."

"मग जेवा पातं लावून," अक्का गोळा हिसकावून घ्यायची.

बटन आणि पातं हे बोअरच्या दांड्याखाली लावायचे दोन बिट. खडक किंवा कडक मुरूम असेल तर पोलादी दाण्यांचा बटन बिट. तो हॅमरच्या ठोक्यांनी फोडत जातो. जमीन मऊ, चिकण असेल तर पात्यांचा बिट. तो हळूहळू कापत जातो आणि भोक ढासळू नये म्हणून केसिंगचे पाइप उतरवावे लागतात. दाजींची रीत अशी, की गाडी निघायच्या आधी त्या जागेवर पुरुषभर खड्डा खणून तळची माती आणायची. ती ओली करून ते तळव्यांत वळायचे. वात वळली तर पातं, मोडली तर बटन. जो बिट ठरेल तोच गाडीवर चढायचा. "जमिनीला लाज नसती, पाव्हणं," ते मला म्हणायचे, "इचारलं की सांगती."

बाकी बाबतीत दाजींचा अंदाज हमखास चुकायचा. माझ्यासाठी त्यांनी मोठ्या खात्रीनं पाहिलेल्या प्रत्येक मुलीनं मला नकार दिला. पण मातीत त्यांचा हात चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि दाजींना तेवढाच काय तो अभिमान होता.

दुष्काळाची वर्षं होती. इकडे शहर पसरत होतं. पुंडलिकनगरकडे जोत्याच्या आधी बोअर घेतला जायचा. गाडीला उसंत नव्हती. माती आणायचं काम माझ्याकडे असायचं. अशात देवगाव रंगारीहून निरोप आला. दाजींचं जन्मगाव. नदीकडच्या वस्तीवर प्यायला पाणी राहिलं नव्हतं. "माझ्या गावाला पाणी मीच लावणार," दाजी म्हणाले आणि मला मातीसाठी पाठवलं.

मी खुलताबादपर्यंत गेलो. ऊन मरणाचं होतं. हॉटेलात भजी खाल्ली, चहा घेतला, आणि पुढं जाऊन खड्डा खणायचा मला कंटाळा आला. दुसरं काहीही कारण नव्हतं. रस्त्यासाठी डोंगर कापला होता, तिथला मुरूम पिशवीत भरला आणि स्कूटर मागं वळवली.

दाजींनी तो ओला करून वळला. वात मोडली. त्यांनी पुन्हा वळून पाहिला.

"इतका कडक? आमच्या नदीकडं?"

"व्हय दाजी."

"खड्डा पुरता खणला व्हता ना?"

"पुरुषभर."

त्यांनी बटन बिट चढवायला सांगितला.

देवगावात गाडीला हार घातले. दाजींच्या म्हाताऱ्या आईनं नारळ फोडला. बाया हंडे घेऊन ओळीनं बसल्या. थोडं खाली जाताच पिवळी चिकण माती वर यायला लागली. एक म्हातारा ओरडला, "मिस्त्री, लोणी येतंय की हे!"

"खाली मुरूम हाय, आबा," दाजी म्हणाले. "माझ्या मेव्हण्यानं आणून दावलाय."

मी तिथंच उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर दांडे वर निघाले असते. मी बोललो नाही. बिटाची हवेची भोकं चिकण मातीनं बुजली, हॅमर थांबला, भोक दांड्यांभोवती मिटलं. ओढता ओढता दांडा तुटला आणि हॅमर खालीच राहिला. दाजी आईसमोर जाऊन म्हणाले, "माती मी माझ्या हातानं बघितली व्हती. हात चुकला." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बायांनी रिकामे हंडे उचलले.

पुढं दुसऱ्या गाडीनं पात्याचा बिट लावून त्याच वस्तीवर पाणी काढलं. ते कळल्यावर दाजींनी गाडी सोडली. पुंडलिकनगरात एका इमारतीवर वॉचमन झाले. कुणी हातावर माती ठेवली तर झटकून टाकायचे. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणायचे. घरी अक्का परात पुढं सरकवून मुद्दाम विचारायची, "अहो, सांगा की, बटन का पातं?" ते उठून बाहेर जायचे. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांचा हात धरून बसत होतो. सांगायला तोंड उघडलं की ते म्हणायचे, "पाव्हणं, चहा घेऊन या जा." मी जायचो. मला ते बरंच वाटायचं.

अक्का आता माझ्याकडेच असते. परवा पीठ मळता मळता माझ्या सुनेला सांगत होती, "लई मोठा मिस्त्री व्हता माझा मालक. शेवटी हात गेला त्यांचा." मी पेपर तोंडासमोर धरला.

हे सगळं मी लिहून काढलं, पण अक्काला वाचता येत नाही. तिला हे माझ्या तोंडानं सांगायचं अजून राहिलं आहे.