तोंडी तक्रार घेतली जाणार नाही

आमच्या भावोजींचं कौतुक करायला बसले तर माझं निम्मं आयुष्य जाईल, आणि त्यांच्यावर चिडायला बसले तर उरलेलं निम्मं. मी दोन्ही मनापासून करते. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे हक्काचा माणूस. त्याला बोलायला मी कुणाची परवानगी घेत नाही.

टेकडीवरच्या कॉलेजांची सगळी देखभाल त्यांच्याकडे होती. कॉलेजं तीन, आवार एक. मी तिथल्या ग्रंथालयाच्या काउंटरवर बसायचे आणि ताई विज्ञान कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. त्यामुळे घरातलं कामावर आणि कामावरचं घरात, असा आमचा सगळा कारभार एकमेकांत कालवलेला असायचा.

भावोजी आले तेव्हा तिन्ही कॉलेजांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. तिघांच्या तीन शिड्या आणि तिन्ही तोकड्या. सभागृहाचा दिवा बदलायचा तर शिडी टेबलावर चढवायची आणि खाली चार जणांनी जीव मुठीत धरून उभं राहायचं. एकाने दुसऱ्याला शिडी उसनी दिली की ती रंगाचे डाग घेऊन परत यायची, की झालं भांडण सुरू. शिडीवरून प्राचार्य एकमेकांना पत्रं लिहायचे, खोटं नाही सांगत. भावोजींनी तिघांना एका टेबलाशी बसवलं. सामानाचं भांडार एकच, प्लंबर-वायरमन सगळ्यांचे मिळून, आणि तिघांत एक लांबलचक शिडी. "आता ही शिडी कुणाच्याच बापाची नाही," असं त्यांनी सांगितलं आणि तिन्ही प्राचार्य चक्क हसले. तेव्हापासून आवारात त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नाही.

रोज सकाळी त्यांची फेरी असायची. जिन्याजिन्यातून, गच्चीवरून, मागच्या बोळातून. चालताना तळहात भिंतीवरून फिरवत जायचे. मी विचारलं, "भावोजी, भिंतीला गोंजारता काय?" तर म्हणाले, "ताप बघतो." आणि खरंच, कुठे ओल धरली असेल तर डोळ्याला दिसायच्या आधी त्यांच्या हाताला कळायचं.

पण फेरीत लोक गाठायचे त्यांना. हा म्हणे पंखा कुरकुरतोय, तो म्हणे खिडकी लागत नाही. कुणाच्या लग्नाला गेलं तरी बाथरूमच्या नळाची गोष्ट. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे आ वासून बसले असताना शेजारच्या खुर्चीवरच्या प्राध्यापकांनी त्यांना गळक्या छताबद्दल सांगितलं. बरं, दहा जणांनी सांगितलेलं लक्षात तरी किती ठेवायचं? एखादं विसरलं की "आमच्याच खात्याकडे कानाडोळा करता" हे वर.

म्हणून त्यांनी ते अ‍ॅप आणलं. मी उगीच नावं ठेवणार नाही, काम झकास होतं. आवारातली प्रत्येक खोली नकाशावर एक ठिपका. तक्रार टाकली की ठिपका लाल, मिस्त्री निघाला की पिवळा, काम झालं की पुन्हा हिरवा. तिन्ही कॉलेजांना एकच नकाशा, त्यामुळे कुणाचं आधी नि कुणाचं नंतर हे सगळ्यांना दिसायचं. भांडणंच मिटली. दुसरीकडून लोक बघायला यायचे आणि भावोजी त्यांना पडद्यासमोर उभे राहून समजावून सांगायचे तेव्हा त्यांची छाती अशी फुगायची की शर्टाच्या गुंड्यांची मला काळजी वाटायची. मी त्यांना 'ठिपकेवाले' म्हणायला लागले. ताईसुद्धा हसायची तेव्हा.

मग नियम आले. तक्रारीला फोटो हवाच, कारण काही महाभाग उगाच खोट्या तक्रारी टाकायचे. आणि कार्यालयाच्या दारावर पाटी लागली: तोंडी तक्रार घेतली जाणार नाही. सकाळची फेरीही त्यांनी बंद केली. म्हणाले, "आता भिंतच मला फोन करते, मी कशाला वणवण करू?"

आता ताईचं सांगते. ताई शिकवायची नाही, ती प्रयोगशाळेतली सहायक. पण मागच्या खोलीतला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह तिच्या हातचा. झाडपाला कागदांत दाबून वाळवायचा, जाड कागदावर बारीक टाक्यांनी शिवायचा, खाली नाव, जागा, कुणी आणला ते लिहायचं. नोकरीला लागली तेव्हा दोन खणांत मावायचा तो संग्रह, निवृत्त झाली तेव्हा भिंतभर कपाटं होती. मुलं तिला 'गवतवाल्या बाई' म्हणायची आणि तिला त्याचा राग नव्हता. टेकडीच्या ज्या उतारावर पुढे वसतिगृह बांधलं, तिथली झुडपं तर आता फक्त तिच्या कपाटांत होती. बांधकाम सुरू व्हायच्या आधी ती उन्हातान्हात तिथे वाकून वाकून हिंडली होती. कॉलेजाच्या नव्या इमारतीत या संग्रहाला लोखंडी कपाटांची स्वतंत्र खोली मिळणार होती, हलवाहलव ताईच्या देखरेखीखाली व्हायची होती, आणि ती त्या दिवसाच्या आशेवर होती. दुसरं काही मागितलं नव्हतं तिने कधी.

निवृत्तीनंतर एकदा ती खात्यात कुणाला तरी भेटायला गेली आणि त्या खोलीच्या दाराशी घुटमळली. दाराला कुलूप होतं. संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. भावोजी जेवत होते, डावा हात फोनवर.

"अहो," ताई म्हणाली, "माझ्या मागच्या खोलीत ओल आली असावी. दाराशी वास येत होता. उद्या जरा डोकावून या ना."

"अ‍ॅपवर टाकलंस?"

"मी कशी टाकणार? निवृत्त झाले तेव्हा तुम्हीच बंद केलंत की माझं."

"मग खात्यातल्या कुणाला तरी टाकायला सांग." त्यांनी मान वरही केली नाही. "अगं, घरून आलेली तक्रार मी घेतली तर उद्या सगळे म्हणतील, बायकोचं खातं आधी. नियम मीच केलाय ना?"

माझं डोकंच फिरलं. "भावोजी, हातानं वाढतेय तुम्हाला ती. तिचं तरी तोंडी ऐका!"

ते हसले. "तू मध्ये पडू नकोस गं. ठिपका हिरवा आहे, हे बघ." आणि फोन माझ्यापुढे धरला.

ताईने पाणी ओतलं आणि विषय तिथेच थांबला. ती कुणाला दोनदा सांगणाऱ्यातली नव्हतीच, लहानपणापासून. दुसऱ्या दिवशी तिने खात्यातल्या नव्या सरांना फोन केला. ते बिचारे "हो बाई, लगेच टाकतो" म्हणाले आणि टाकायला बसलेही. पण अ‍ॅपला फोटो हवा. खोलीला कुलूप, किल्ली भावोजींच्याच कार्यालयात, आणि तिथे किल्ली मागायची तर आधी तक्रार नोंदलेली हवी. बाहेरून फक्त वास येत होता. वासाचा फोटो काढायचा कसा? त्यांनी दाराचा फोटो टाकून बघितला, तर "दोष दिसत नाही" म्हणून परत आला. मग परीक्षा आल्या आणि राहूनच गेलं. हे सगळं नंतर त्यांनीच मला सांगितलं, काउंटरवर, खाली मान घालून. त्यांना काय बोलणार?

गच्चीवरच्या पाइपात पाला अडकला होता, एवढंच. फेरीत कुणी तिथून गेलं असतं तर हाताने ओढून काढला असता. पाणी भिंतीत उतरत राहिलं, सगळा पावसाळाभर. आणि त्या खोलीत कुणी बसत नाही म्हणून कुणाची तक्रार नाही, तक्रार नाही म्हणून ठिपका हिरवा.

हलवाहलवीच्या दिवशी ताई नवी चप्पल घालून आली होती. लेबलं खराब होऊ नयेत म्हणून घरून मऊ फडकी आणली होती. प्राचार्य होते, नवे सर होते, हमाल गाड्या घेऊन उभे, मी काउंटर सोडून आलेली. भावोजींनी स्वतः कुलूप काढलं. दार उघडलं आणि वासानेच सगळे मागे सरले. कपाटांच्या मागच्या फळ्या फुगून आल्या होत्या. ताईने पहिलं दार ओढलं, ते निघेना, हमालाने हिसडा दिला. आत कागद असे नव्हतेच, बुरशी धरलेला एक गठ्ठा होता. तिने वरचा कागद सोडवायला बघितला तर झुडूप आणि कागद दोन्ही तिच्या बोटांना चिकटून आलं. शाई पसरून निळा डाग उरला होता. दुसरं कपाट तसंच. तिसरंही. दाराजवळच्या एका कपाटातलं थोडं वाचलं, पण त्यात उताराची झुडपं नव्हती.

प्राचार्यांनी भावोजींकडे बघितलं, आणि भावोजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पण या खोलीची तर तक्रारच नव्हती."

मी तोंडावर हात ठेवला. ताई वळली. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नव्हती."

तिला भांडता आलं असतं. चार लोकांत त्यांची अब्रू काढता आली असती, आणि मी तिच्या बाजूने दोन शब्द जास्तच घातले असते. पण तिने फडक्याला बोटं पुसली आणि ती निघून गेली.

भावोजी त्यातले गठ्ठे घरी घेऊन आले. पुढच्या खोलीत जमिनीवर चादर अंथरली, पंखा लावला, बोथट सुरीने एकेक कागद सोडवत बसले. पाठ धरली तरी उठेनात. सुटत काहीच नव्हतं, नुसता चिखल. ताई स्वयंपाकघरात जाता-येता त्यांच्या बाजूने जायची. मी म्हटलं, "ताई, बोल ना काहीतरी त्यांच्याशी." ती म्हणाली, "पंखा बंद करा, घरभर बुरशी उडतेय." त्यांनी बंद केला.

दारावरची पाटी त्यांनीच काढली. फोटोची अट काढली, फेरी परत सुरू केली, बंद खोल्यांसाठी नकाशावर वेगळा रंग आणला. आज कुणाच्याही खोलीत नुसता वास आला तरी माणूस धावत जातो. सगळं सुधारलं, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. एवढं सोपं होतं तर मेलं आधी का नाही सुचलं?

आता तेही निवृत्त झालेत. दोघं घरात असतात, भांडत नाहीत, वेळेवर जेवतात. पण ताई त्यांना काही सांगत नाही. परवा मी गेले तर स्वयंपाकघरातला नळ नवा दिसला. भावोजींनी विचारलं, "अगं, नळ कधी बदलला?" ती म्हणाली, "गळत होता. शेजारच्यांनी प्लंबर पाठवला." त्यात टोमणा नव्हता हो. असता तर बरं झालं असतं. ती टोमणा मारेल म्हणून ते वाट बघताहेत, मला दिसतं ना.

रोज सकाळी चहा झाला की ते तिला विचारतात, "काही आहे का गं? कुठे काही बिघडलंय, दुखतंय, काही?"

"काही नाही," ती म्हणते.

पूर्वी एवढ्यावर या माणसाचं समाधान झालं असतं. आता ते कप खाली ठेवतात, उठतात आणि घरातल्या सगळ्या भिंतींवरून तळहात फिरवत जातात. तिच्या खोलीच्या दाराशी आले की थांबतात. आत जायचं धैर्य त्यांना अजून झालेलं नाही, आणि ताई त्यांना आत बोलावत नाही.