क्लचशेजारचा पिवळा पाट

गाडीत डाव्या पायाला काम थोडंच असतं. गियर बदलताना क्लच दाबायचा, सोडायचा आणि मग स्वस्थ बसायचं. पण स्वस्थ बसायचं कुठं, हे माझी गाडी ज्यांनी बनवली त्यांनी ठरवलेलं नव्हतं. उजव्या पायाला दोन पेडलं दिली, चहाच्या कपाला खाच दिली, सिगारेटच्या राखेलासुद्धा झाकणवाली डबी दिली. डाव्या पायाला सांगितलं, तुझं तू बघ. महागाच्या गाड्यांत म्हणे पाय टेकायला जागा मुळातच असते. म्हणजे पैसेवाल्यांचे पाय दुखतात, आमचे नुसते लोंबतात.

मी पेणला राहत होते आणि रोह्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. मिठागरावर राबणाऱ्या घरातली मी पहिली बी.एस्सी., पुढं पहिली एम.एस्सी., आणि जुनी का होईना, स्वतःच्या पगारातून गाडी घेणारीही पहिलीच. हे मी मुद्दाम सांगते, कारण नाही सांगितलं तर लोक धरून चालतात की गाडी नवऱ्याची आणि मी ती मागून घेतलेली. माहेरी आमच्या पायांना विश्रांती हा विषयच नव्हता. आईबाबांनी जन्मभर खाऱ्या चिखलात उभं राहून मीठ ओढलं. बाबांची इच्छा एवढीच, की पोरीनं सावलीत बसून काम करावं. तास घेताना मी उभीच असते, बसते ती फक्त गाडीत. आणि नेमका तिथंच माझा गुडघा धरला.

पेणहून वडखळ, मग नागोठणं, मग भिसे खिंडीतून रोहा. हायवे रुंद करायचं काम इतकं जोरात चाललं होतं, की ते सुरू झालं तेव्हा अकरावीत असलेल्या माझ्या विद्यार्थिनी पुढं त्याच धुळीत पोरं कडेवर घेऊन भेटल्या. माझी उंची बेताची. सीट पुढं ओढून बसले तरी डावा पाय अधांतरी. प्रत्येक खड्ड्याला तो उडायचा आणि उतरायचा तो जवळात जवळ जे असेल त्याच्यावर. जवळ क्लच होता.

गणपतीच्या गर्दीत, नवरा शेजारी बसलेला असताना, वडखळच्या अलीकडं गाडीनं जीव टाकला. पेणचा मेकॅनिक आला. किल्ली माझ्या हातात होती. त्यानं ती माझ्याकडूनच घेतली आणि प्रश्न मात्र माझ्या नवऱ्याला विचारला.

"साहेब, गाडी लेडीज चालवतात का?"

नवरा म्हणाला, "हो ना."

त्या दोन शब्दांत दोघांचं जे काही एकमत झालं, ते मी लोकसभेतही पाहिलेलं नाही. क्लचवर पाय विसावला की प्लेट अर्धी सुटलेली राहते, घासते, जळते, असं मेकॅनिकनं नवऱ्याला समजावून सांगितलं. घर्षणाचा धडा मी बारा महिने शिकवते, पण तो त्याला माझ्याकडून ऐकायची वेळ आली नव्हती. त्या प्लेटीवर आधीच्या मालकाचा पाय किती आणि माझा किती, हे कुणी विचारलं नाही. आधीचा मालक लेडीज नव्हता.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "घर्षण शिकवतेस ना? प्रॅक्टिकल बरं केलंस."

माझा नवरा डोलवीच्या कंपनीत. शिफ्टला न्यायला-आणायला कंपनीची बस. त्यामुळं गाडीला तो रविवारी हात लावायचा आणि मतं मात्र सातही दिवस द्यायचा. त्यानं सासूबाईंसमोर जाहीर केलं, "पुन्हा प्लेट गेली तर गाडी विकायची. तू ट्रेननं जा."

"चालेल," मी म्हणाले. माझ्या तोंडून नकार निघण्याआधी मान हलली. ट्रेन होती, नाही असं नाही. पण ती तिच्या वेळेला येई आणि कॉलेज त्याच्या वेळेला भरे, आणि दोघांची ओळख करून द्यायला कुणी नव्हतं. गाडी गेली असती तर पहिला तास गेला असता, आणि पहिला तास गेला की आमच्याकडं बाईंचं घर आठवतं लोकांना. "मॅडम, घरचं जमत नसेल तर..." हे वाक्य मी दुसऱ्या एका बाईंच्या बाबतीत ऐकलेलं होतं. त्या आता घरी असतात.

तेव्हा गाडी टिकवायची तर पायाला जागा हवी. हायवेवरच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं आधी सीटकव्हर दाखवलं, मग सुगंधाची बाटली, मग मागच्या काचेवर लावायचा वाघ. मी म्हणाले, डावा पाय टेकवायला काहीतरी द्या.

"डेड पेडल पाहिजे मॅडमला," तो म्हणाला. "एकदम स्पोर्टी लुक येईल."

मला लुक नको होता, गुडघा हवा होता. पण घेतलं. चकचकीत ॲल्युमिनियमची पट्टी, तिला भोकं, वर रबराचे ठिपके. त्यानं गालिचा उचलून, खालच्या वायरी बाजूला सारून, क्लचच्या डाव्या अंगाला ती स्क्रूनं पक्की केली. पितृपक्ष चालू होता. सासूबाई म्हणाल्या, या दिवसांत नवीन वस्तू घेत नाहीत. मी सांगितलं, तिचं नावच मेलेलं पेडल आहे, याच पक्षात घ्यायला हवी. त्या हसल्या, म्हणून पुढचं निभावलं.

नवरा वाकून बघत म्हणाला, "पायाला वेगळी जागा? मग हाताला लोड घे. पाठीला गादी घे."

दुसऱ्या दिवशी कळलं, की ती पट्टी बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सहा फुटी पुरुष होता. माझी टाच त्या पट्टीच्या बरीच अलीकडं लोंबकळत राहिली. पूर्वी पाय अधांतरी होता, आता चकचकीत वस्तूशेजारी अधांतरी राहिला. लुक मात्र आला.

सासूबाईंचं माहेर जोह्याचं. त्यांच्या भावाचा तिथं गणपतीचा कारखाना. गणपती गेले होते आणि मामांच्या हाताखाली नवरात्रातल्या देव्या होत्या. मी गाडी घेऊन तिथं गेले आणि अडचण सांगितली. मामा एका देवीचे डोळे रंगवून खाली उतरले, गाडीत डोकावले आणि मला बसायला सांगितलं. माझा लोंबता पाय बघून म्हणाले, "देवाचा एक पाय मांडीवर, एक खाली. खालच्या पायाला आम्ही पाट देतोच. तू काय देवापेक्षा मोठी लागून गेलीस, बिनपाटाची बसायला?"

"मग पाट द्या, मामा."

"प्लास्टरचा नको, फुटंल. लाकडाचा देतो."

त्यांनी पाटाच्या लाकडाचा उरलेला तुकडा घेतला, उतरता तासला, आणि पट्टीच्या वर स्क्रूनं पक्का बसवला. मला चार वेळा क्लच दाबायला लावला. बूट क्लचच्या कडेला अडकतो का ते बघितलं, अडकला तेव्हा बाजूनं बोटभर लाकूड आणखी काढलं. शेवटी पाय टेकला. पूर्ण, टाचेसकट. गाडी उभीच होती, पण मी जरा वेळ तशीच बसून राहिले. घरातल्या चार पिढ्यांत कुणाच्या पायाखाली कुणी खास काही घडवलं नसेल.

एवढ्यावर थांबले असते तर ते मामा कसले. लाकूड नागडं ठेवायचं नाही म्हणून मूर्तींच्या पीतांबराचा उरलेला पिवळा रंग लावला, आणि कडेला सोनेरी काठ ओढला. देवीच्या पदराला ओढतात तसा.

त्यानंतरचे दिवस सुखाचे गेले. भिसे खिंडीतल्या वळणाला पूर्वी मी चाकाला धरून स्वतःला सावरायची. आता डाव्या पायानं पाटावर जोर दिला की अंग सीटवर घट्ट, आणि हात चाकाच्या कामाला मोकळे. क्लचला मी फक्त गरजेपुरती भेटायची. नवऱ्यानं एका रविवारी चालवून बघितली आणि म्हणाला, "ठीक आहे. चैन आहे, पण ठीक आहे."

मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडं चाक असलेलं काहीही सुटत नाही. सासूबाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग दार उघडून स्टेअरिंगला कुंकू लावलं. आणि खाली वाकल्यावर त्यांना दिसला तो पिवळा, सोनेरी काठाचा, भावाच्या हातचा पाट. त्यांना भरून आलं. त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, अक्षता टाकल्या, हात जोडले.

मग उठून म्हणाल्या, "आता याच्यावर पाय नको ठेवू गो. पूजा केलेल्या वस्तूला पाय लावाचा नाय."

"आई, ते पाय ठेवायलाच आहे."

"व्हय, व्हतं."

नवऱ्यानं ताबडतोब हात जोडले. एरवी आरतीला टाळ शोधण्याच्या निमित्तानं आतल्या खोलीत जाणारा माणूस. म्हणाला, "आई बोलते ते बरोबर आहे. काही गोष्टी पाळायला पाहिजेत." कालपर्यंत ती चैन होती, आज ती श्रद्धा झाली. दोन्हींत सोय एकच होती, माझा पाय पुन्हा लोंबत राहत होता.

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला गेले ती पाय आखडून. खिंडीत तो घसरला आणि सवयीनं क्लचवर जाऊन बसला. परतीला वडखळच्या रांगेत मला जळका वास आला. तो पुढच्या ट्रकचा निघाला, पण तोवर मी मनात गाडी विकून, ट्रेनचा पास काढून, पहिला तास घालवून, घरी बसून झाले होते.

घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "आई, तुमचा देव खाली बसलाय आणि माझी नोकरी वर लटकलीय. दोघांतलं एक हलवायला लागेल."

त्या भाजी निवडत होत्या. हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "गणपती पोचवून पाट घरी आणतो. मग काय करतो त्याचं?"

"धुऊन ठेवतो."

"आनि जेवाय कोन बसतो त्याच्यावर? आपूनच ना? उठ."

त्या अक्षता घेऊन खाली आल्या. उत्तरपूजेला देव जागेवरून जरासा हलवायचा असतो, म्हणजे देव निघाले. पण हा पाट स्क्रूनं जखडलेला. सासूबाई अडल्या क्षणभरच. "मंग गाडीच हलव," म्हणाल्या. मी गाडी हातभर मागं घेतली. देव गेले. सासूबाईंनी फूल उचलून कुंडीत टाकलं, पदरानं कुंकू पुसलं आणि म्हणाल्या, "ठेव पाय."

नवरा तेव्हा शिफ्टला होता. आला, जेवला, झोपला. त्याला हे कुणी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. गाडीबाबत तो इतकं सांगायचा, की त्याला काही सांगायला मधे जागाच सापडायची नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो कंपनीतल्या दोघांना घेऊन रोह्याला एका साखरपुड्याला गेला. मी पेपर तपासत घरी होते. संध्याकाळी फोन आला.

"वडखळला आहे. गाडीला वास येतोय. गियर पडतोय पण गाडी पुढं जात नाय."

सासूबाईंना घेऊन मी रिक्षानं गेले. तोच मेकॅनिक आला होता. कंपनीतले दोघं बस पकडून निघून गेले होते, अडचणीत मित्र असाच ओळखायचा. नवरा गाडीला टेकून उभा होता आणि डाव्या पायाची पोटरी चोळत होता.

मेकॅनिकनं दार उघडलं, वाकून बघितलं. "साहेब, एवढी मस्त जागा केलीय. मग पाय कुठं होता?"

नवरा म्हणाला, "त्याची पूजा झालीय. त्याच्यावर कसा ठेवणार?"

"मग रोह्यापासून क्लचवर?"

नवरा रस्त्याकडं बघायला लागला. रस्त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, सगळं उभंच होतं.

"अरे, त्याची उत्तरपूजा दुसऱ्याच दिशी झाली," सासूबाई म्हणाल्या. "सून रोज पाय ठेवते."

"मला कुणी सांगितलं नाय."

"तुम्ही विचारलं नाही," मी म्हणाले.

मेकॅनिक मान खाली घालून हसत होता. गाडी लेडीज चालवतात का, हे त्यानं या वेळी विचारलं नाही. मी वाट बघत उभी राहिले, पण नाहीच विचारलं. म्हणून मीच सांगितलं, "लिहून ठेवा, आज जेंट्स चालवत होते."

सासूबाई मुलाला म्हणाल्या, "प्लेट गेली का गाडी विकाची, असं बोललास ना तू? मी तिथंच व्हते. का सुनंच्याच पायाची अट व्हती?"

तो मेकॅनिकला नव्या प्लेटीचा भाव विचारू लागला. लोकसभेतलं एकमत विरघळायला कधी कधी फक्त आई लागते.

प्लेट त्यानं बदलून आणली. गाडी विकायची गोष्ट पुन्हा घरात निघाली नाही, आणि माझा पहिला तास त्या वर्षी एकदाही चुकला नाही. रविवारी तो अजून गाडी घेतो. बसला की आधी वाकतो, पिवळ्या पाटाला बोटं लावतो, ती कपाळाला लावतो, आणि मग हळूच डावा पाय टेकतो. रंग आता टाचेखाली पार उडालाय, सोनेरी काठ तेवढा कडेला शिल्लक आहे. देव तिथं नाहीत, हे त्याला आईंनी सांगितलंय; मी त्याची आठवण एकदाही करून दिलेली नाही. क्लच टिकतोय.