उलटी पावलं

त्या वर्षी गौर आणायच्या दिवशी मी पावलं उलटी काढली.

पावलं काढण्यात दिवेआगरात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. तांदळाच्या ओल्या पिठात मूठ बुडवून जमिनीवर टेकवायची, की तळवा उमटतो. वर बोटांचे पाच ठिपके. हे गणपतीला मुंबईहून आले होते आणि यंदाही मला बिऱ्हाडी नेणार नव्हते. "खोली लहान आहे," एवढंच म्हणाले. लग्नाला सहा वर्षं झाली, खोली काही मोठी होईना! त्याच रागात मी पिठाचं भांडं घेऊन दारापासून माजघरापर्यंत पावलं काढत सुटले.

तेरड्याची गौर घेऊन सासूबाई दारात आल्या आणि थबकल्या. साऱ्या पावलांची बोटं बाहेर वळली होती.

"अगं, लक्ष्मी निघाली की घरातून! पूस आधी."

मी सगळी पुसली आणि आत येणारी काढली. "काय सुंदर काढतेस गं!" हे म्हणाले, आणि चौथ्या दिवशी निघाले.

चपला हातात धरून ते किनाऱ्यावरून होडीकडे चालत गेले. ओल्या वाळूत त्यांची पावलं उमटली, बोटं समुद्राकडे. ती पूस असं मला कोणी म्हणालं नाही.