खेचरकाकांची वऱ्हाडी

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत एक गृहस्थ राहायचे. एरवी ते अगदी स्वच्छ, छापील मराठी बोलायचे, आणि खेचर झाले की वऱ्हाडी. आम्ही मुलं त्यांना खेचरकाका म्हणायचो, तेही तोंडावर. त्यांची हरकत नव्हती. त्यांची लष्करातली सगळी नोकरी पहाडातल्या चौक्यांवर शिधा वाहून नेणाऱ्या खेचरांबरोबर गेली होती. निवृत्त झाल्यावर खडकीच्या एका कारखान्यात पहाऱ्याचं काम मिळालं आणि ते बायकोसह आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आले.

खेचर होण्याला कारण एक सिनेमा. तरुणपणी कुठल्याशा छावणीत, दोन बांबूंना ताणून बांधलेल्या चादरीवर त्यांनी तो पाहिला होता. जुना इंग्रजी, विनोदी. फौजेतलं एक खेचर माणसासारखं बोलतं, पण बोलतं फक्त एका कोवळ्या अधिकाऱ्याशी. तो बिचारा वरच्यांना खरं सांगायला जातो आणि ते त्याला वेड्यात काढतात. काकांना इंग्रजी येत नव्हतं. त्यामुळे खेचर काय बोललं असेल, ते त्यांनीच ठरवून टाकलं. दर रविवारी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून ते आम्हाला तो सिनेमा सांगायचे. मान खाली, कान हलवल्यासारखे हात, आणि मग तो आवाज : "काहून बाप्पा, सारं वझं माह्याच पाठीवर काहून? तुह्या साहेबाले पाठ नाही का?" आम्ही हसून लोळायचो.

मोठी झाल्यावर मी तो सिनेमा इंटरनेटवर शोधून काढला आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, काका, खेचर खरं काय बोलतं ते आज सांगते तुम्हाला. दहा मिनिटं त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "बंद कर. याला काही बोलता येत नाही."

सोसायटीच्या मीटिंगमध्येही ते स्वतः तक्रार करत नसत. "खेचर इचारून राह्यलं, टँकर आला तं पाणी गेलं कुठं?" असं म्हणत. सगळे हसत, आणि हसता हसता सेक्रेटरींना उत्तर द्यावंच लागे.

एकदा मी विचारलं, वऱ्हाडी फक्त खेचरालाच का? ते म्हणाले, पुण्यात नवीन असताना मंडईत भाजी घ्यायला गेले होते. वांग्यांचा भाव विचारला, तर भाजीवाला म्हणाला, "आधी मराठीत विचारा, मग सांगतो." आजूबाजूचे हसले. "त्या दिवशी माझी भाषा खेचराकडे ठेवायला दिली," काका म्हणाले. "तिथे ती सुरक्षित आहे. लोक हसतात, पण प्रेमाने हसतात."

काकूंनी मात्र आपली भाषा कुणाकडे ठेवायला दिली नाही. त्या सगळ्यांशी, अगदी बँकेच्या मॅनेजरशीसुद्धा, अमरावतीच्याच बोलीत बोलायच्या, आणि अखंड बोलायच्या. माझी आई नोकरी करायची, त्यामुळे शाळेतून आले की मी जेवायला त्यांच्याकडे. दारातूनच हाक यायची, "आली का वं माय? हात धू आधी." बुद्धाच्या तसबिरीखालच्या खुर्चीत बसून त्या काकांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि प्रत्येक बातमीवर आपलं मत द्यायच्या. बातमी छोटी असायची, मत मोठं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. मी घरूनच काम करत होते, कानाला हेडफोन, समोर मीटिंग. बेल वाजली. दारात काका. केस विस्कटलेले, हात विचित्र हलत होते. म्हणाले, "उठली तवापासून हिचं बोलनं मले समजून नाही राह्यलं."

तोच आवाज. तीच वऱ्हाडी.

मी हसले. म्हटलं, "मग कोणाचं समजतं काका, खेचराचं? आत्ता मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी ऐकते हं." ते मान हलवून परत गेले. मी दार लावलं.

मीटिंग संपायला बारा वाजले. त्यांच्या घरून भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून गेले. काकू खुर्चीत एका बाजूला कलल्या होत्या, तोंड वाकडं झालं होतं. काका त्यांना चमच्याने पाणी पाजायचा प्रयत्न करत होते आणि ते सगळं पदरावर सांडत होतं. आम्ही रिक्षातून दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण होते, शांतपणे म्हणाले, "पक्षाघाताच्या इंजेक्शनला वेळेची मर्यादा असते. थोडं आधी आणलं असतंत तर..."

बाहेरच्या बाकावर मी काकांजवळ बसले. म्हटलं, "काका, तुम्ही मला नीट सांगायचं होतं." आणि बोलता बोलताच कळलं, मी काय बोलतेय ते.

"नीटच सांगितलं होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "घाबरल्यावर छापील मराठी येत नाही गं. मग तू हसलीस. मला वाटलं, शिकलेली पोरगी हसतेय, म्हणजे फार काही नसेल."

हे त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं होतं.

काकू वाचल्या. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एक लांब 'आं' तेवढा उरला, आणि त्यात कधी भूक असायची, कधी राग. काकांनी त्यानंतर सिनेमा सांगितला नाही, आणि छापील मराठीही सोडली. दूधवाल्याशी, डॉक्टरांशी, माझ्याशी, सगळ्यांशी वऱ्हाडीच. आता कोणी हसत नव्हतं. वर्षभराने त्यांची मुलगी येऊन दोघांना अमरावतीला घेऊन गेली. गाडीत बसताना काकूंनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. शेवटी मुलीने एकेक बोट सोडवलं.

दर रविवारी मी फोन करते. काका फोन काकूंच्या कानाला लावून देतात आणि चहा टाकायला आत जातात. मी काहीबाही सांगते, लिफ्ट बंद आहे, आईचे गुडघे दुखतात. मागच्या रविवारी मात्र सांगून टाकलं. "काकू, त्या दिवशी काका मला बोलवायला आले होते. मी हसले. दार लावलं."

पलीकडून 'आं' आला. लांब, मध्येच तुटलेला. मग पुन्हा एक.

काकांनी फोन घेतला. "काय म्हने तुही काकू?"

"मला नाही कळलं, काका."

"मलेही समदं नाही समजत," ते म्हणाले. "मी हो म्हनतो. तूही हो म्हन."

त्यांनी फोन पुन्हा काकूंच्या कानाला लावला. मी हो म्हटलं.